रक्षकावर पहारा



ज्याला पाहताच आपण घरात काठी शोधू लागतो, त्या उंदराविषयी आज बोलावयाचे आहे. मात्र हा उंदीर कणगीतला नव्हे, आणि गटारातली घूस तर नव्हेच. प्रयोगशाळेतील पिंजऱ्यात, लाकडाच्या भुशावर वाढणारा, जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम वजनाचा असा हा लहानसा जीव आहे. त्याच्या मादीचा गर्भकाल एकोणीस-वीस दिवसांचा, आणि पिल्ले दोन महिन्यांच्या आत स्वतः प्रजननक्षम होतात. एखादा विद्यार्थी आठवीतून निघून शालान्त परीक्षेपर्यंत पोहोचावा, तेवढ्या काळात संशोधकाला उंदरांच्या दहा-बारा पिढ्या पाहता येतात. आनुवंशाचे कोडे सोडविण्यास हा प्राणी एवढा सोयीचा का ठरला, हे यावरून ध्यानी येईल.

काही दिवसांपूर्वी वर्गात पेशींचा पाठ चालू असताना मी मुलांना सांगितले की, पेशीला कर्करोगाच्या वाटेवर जाण्यापासून अडविणारे एक प्रथिन आपल्या शरीरात असते. त्यावर मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “सर, मग शरीर ते प्रथिन भरपूर का तयार करीत नाही?” प्रश्न साधा होता, उत्तर मात्र साधे नव्हते. त्या वेळी मी जे काही सांगितले, त्याने त्याचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. आजचे भाषण म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजण्यास हरकत नाही.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. आपल्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डी.एन.ए.च्या रूपाने आनुवंशिक लेखाचे संपूर्ण दप्तर असते. डोळ्याच्या पेशीत जे दप्तर, तेच यकृताच्या पेशीत. मूळ दप्तर केंद्रकाबाहेर जात नाही. मामलेदार कचेरीत आपण जमिनीचा उतारा मागावयास गेलो, तर मूळ वही हाती मिळत नाही, नक्कल मिळते. त्याचप्रमाणे ज्या जनुकाची गरज असेल, त्याची आर.एन.ए.च्या रूपात नक्कल उतरविली जाते, आणि त्या नकलेवरून प्रथिन घडते. या नकलेच्या क्रियेस अनुलेखन म्हणतात. आता कोणत्या पानाची नक्कल करावयाची, केव्हा आणि किती प्रती, हे ठरविणारी काही खास प्रथिने असतात. ती जनुकाच्या अलीकडील ठराविक जागी जाऊन बसतात आणि नकलेस आरंभ करवितात, किंवा ती थांबवितात. त्यांना अनुलेखन-घटक असे शास्त्रीय नाव आहे. यांतील एखादे प्रथिन एकाच वेळी शेकडो जनुकांवर हुकूम चालवू शकते.

एवढा अधिकार ज्याच्या हाती, त्याला मोकळे सोडणे पेशीला परवडत नाही. म्हणून अशा घटकांना आवरून धरणारी दुसरी प्रथिने असतात; ती निरोधक प्रथिने. आवरण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. १९८६ साली रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी एन.एफ.-कप्पा-बी नावाचा घटक शोधून काढला. जखम, जंतुसंसर्ग, दाह अशा प्रसंगी तो शरीराच्या प्रतिकाराचे कार्य चालू करतो. दोन वर्षांनी असे दिसून आले की, एरवी आय-कप्पा-बी नावाचे प्रथिन त्याला केंद्रकाबाहेरच धरून ठेवते. कचेरीच्या दारातच अडविले, म्हणजे आत हुकूम चालण्याचा प्रश्नच नाही. या निरोधकाचा मुख्य प्रकार ज्या उंदरांत नाही, ती पिल्ले जन्मतात खरी, परंतु त्वचेच्या तीव्र दाहाने आठ-दहा दिवसांत मरतात. दुसरी तऱ्हा १९९० साली रॉबर्ट बेनेझ्रा, हॅरोल्ड वाइनट्रॉब व त्यांचे सहकारी यांनी दाखविलेली. स्नायूंची पेशी घडविणारा मायो-डी हा घटक जोडीदाराशिवाय डी.एन.ए.वर नीट बसू शकत नाही. आय-डी नावाचे प्रथिन त्याच्या जोडीदारालाच गुंतवून ठेवते. या दोन्ही कथा स्वतंत्र भाषणाच्या योग्यतेच्या आहेत. आज मला सांगावयाची आहे ती तिसरी, कारण त्या मुलाचा प्रश्न तिच्याशीच निगडित आहे.

या कथेतील घटकाचे नाव पी-५३. १९७९ साली लंडन व प्रिन्स्टन येथील संशोधकांना, आणि त्याच सुमारास इतरही काहींना, विषाणूमुळे कर्करोगी बनलेल्या पेशींत ते सापडले. त्याचे वजन त्रेपन्न हजार डाल्टन असावे असे मोजमापावरून वाटले, म्हणून हे नाव. पुढे कळले की खरे वजन चव्वेचाळीस हजारांच्या आसपास आहे; मोजण्याच्या पद्धतीत ते मंद सरकत असल्यामुळे जड भासले होते. नाव मात्र तसेच राहिले. याहून मोठी चूक त्याच्या स्वभावाविषयी झाली. कर्करोगी पेशींत ते विपुल आढळते, तेव्हा ते कर्करोगाला साहाय्य करीत असणार, असा दहा वर्षे समज होता. १९८९ साली उलगडा झाला की, ज्या प्रतींवर सुरुवातीचे प्रयोग झाले, त्या मुळातच बिघडलेल्या होत्या. निर्दोष पी-५३ हे अर्बुदांना रोखणारे प्रथिन आहे. डी.एन.ए.ला इजा झाली, की ते पेशीचे विभाजन थांबविणारी जनुके चालू करते. इजा दुरुस्त होण्याजोगी नसेल, तर पेशीला स्वतःचा अंत करावयास लावते. डेव्हिड लेन यांनी १९९२ साली त्याला जनुकसंचाचा रक्षक म्हटले, आणि तेव्हापासून ही उपाधी त्याला चिकटली आहे.

या रक्षकाशिवाय प्राणी जगू शकेल काय? हे पाहण्याचा मार्ग तोपर्यंत उपलब्ध झाला होता. उंदराच्या अगदी आरंभीच्या गर्भातील पेशी काचपात्रात वाढवावयाच्या, त्यांतील एक विशिष्ट जनुक नेमके मोडावयाचे, त्या पेशी दुसऱ्या गर्भात मिसळावयाच्या, आणि पुढील पिढ्यांतून ते जनुक अजिबात नसलेली पिल्ले मिळवावयाची. या तंत्राबद्दल मारिओ कॅपेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९९२ साली लॉरेन्स डोनेहॉवर, ॲलन ब्रॅडली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्यूस्टन येथे पी-५३ नसलेले उंदीर तयार केले. एवढे महत्त्वाचे प्रथिन नाहीसे झाल्यावर गर्भ वाढणारच नाही, असा अनेकांचा तर्क होता. पण पिल्ले जन्मली, दिसावयास अगदी नेहमीसारखी. मग मात्र एकेक करून त्यांना अर्बुदे होऊ लागली, आणि सहा महिन्यांच्या वयापर्यंत सुमारे तीन-चतुर्थांश उंदीर त्यांना बळी पडले.

येथे जाता जाता एक सांगावेसे वाटते. उंदरांच्या साहाय्याने कर्करोगाचा अभ्यास ही केवळ दूरदेशीची गोष्ट नव्हे. मुंबईस परळ येथे १९५२ साली सुरू झालेल्या संशोधनकेंद्रात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली असे काम होत होते, आणि पुण्याच्या कमल रणदिवे यांनी उंदराच्या मादीतील स्तनाच्या कर्करोगावर तेथेच अनेक वर्षे संशोधन केले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. शाळेतील मुलींना मी हे नाव आवर्जून सांगतो.

आता दुसऱ्या पात्राचा प्रवेश. उंदराच्या पेशींचा एक वंश प्रयोगशाळेत आपोआपच कर्करोगी बनला होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या गुणसूत्रांशेजारी डी.एन.ए.चे जोडीजोडीने असणारे बारीक ठिपके दिसत. या ठिपक्यांत काही जनुकांच्या असंख्य प्रती साठलेल्या होत्या. त्यांतील एकाला एम.डी.एम.-२ असे नाव पडले. इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ एवढाच की, उंदराच्या पेशीतील जोडठिपक्यांपैकी दुसरे. हे जनुक पेशीला बिघडविते खरे, पण कसे, ते उमगत नव्हते. १९९२ साली प्रिन्स्टन येथे आर्नल्ड लेव्हिन यांच्या प्रयोगशाळेत पी-५३ ला घट्ट बिलगून बसलेले एक प्रथिन वेगळे करण्यात आले. ते या एम.डी.एम.-२ चेच निघाले. आणि ते बिलगले असता पी-५३ चे हुकूम चालेनासे होतात, असेही दिसले. पुढच्याच वर्षी आणखी एक गोष्ट उजेडात आली, आणि ती मला फार विलक्षण वाटते. पी-५३ ज्या जनुकांची नक्कल करावयास लावते, त्यांत एम.डी.एम.-२ चे जनुकही आहे! म्हणजे आपल्याला बांधणारी दोरी हा रक्षक स्वतःच वळवून घेतो. विजेच्या इस्त्रीत तापमान वाढले की त्या उष्णतेनेच आतील पट्टी वाकते आणि प्रवाह तुटतो, तसा हा प्रकार आहे.

पण काचपात्रातील पेशीत जे दिसते, ते जिवंत प्राण्यात किती महत्त्वाचे, हे काचपात्र सांगत नाही. त्यासाठी पुन्हा उंदराकडेच जावे लागले.

१९९५ सालच्या नोव्हेंबरात ‘नेचर’ या साप्ताहिकात दोन लेख लागोपाठ आले. दोन्ही ह्यूस्टनचेच, पण स्वतंत्र गटांचे. एकात गिलेर्मिना लोझानो आणि दुसऱ्यात ब्रॅडली व डोनेहॉवर. दोघांनीही एम.डी.एम.-२ चे जनुक मोडलेले उंदीर तयार केले होते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक मातेकडील, एक पित्याकडील. एक प्रत मोडलेली आणि एक शाबूत असे उंदीर अगदी ठणठणीत होते. अशा नरमादींचा संकर केला, तर मेंडेलच्या नियमानुसार चार पिल्लांत एक दोन्ही प्रती शाबूत असलेले, दोन एक प्रत मोडलेली, आणि एक दोन्ही प्रती मोडलेले, असे प्रमाण यावयास हवे. पिल्ले तपासली. पहिला प्रकार होता, दुसरा होता. चौथे पिल्लू कोठेच नव्हते. वेतामागून वेत मोजून पाहिले तरी एकही नाही. तेव्हा गर्भार माद्यांची तपासणी झाली. गर्भाशयाच्या भिंतीत गर्भ रुजतो, त्या पाच-सहा दिवसांच्या सुमारासच हे चौथे भ्रूण मरून जात होते.

अशा वेळी घाई करणारा म्हणेल, की एम.डी.एम.-२ हे गर्भ घडविणारे एखादे अत्यावश्यक प्रथिन असावे. ही शक्यता खोटी म्हणता येत नव्हती. पण दुसरीही एक शक्यता होती. कदाचित त्याचे स्वतःचे असे घडणीचे काम काहीच नसेल. केवळ पी-५३ ला धरून ठेवणे एवढेच त्याचे कर्तव्य असेल, आणि तो हात सुटल्याबरोबर रक्षकाने गर्भातील पेशींचा संहार केला असेल. दोहोंतून निवड कशी करावी? उपाय असा की, निरोधक आणि रक्षक दोघांनाही काढून टाकावयाचे. पहिली शक्यता खरी असेल, तर गर्भ मरेलच. उलट दुहेरी हानी झाल्याने अधिकच लवकर मरेल. दुसरी खरी असेल, तर तो जगेल.

दोन्ही जनुकांची एकेक प्रत मोडलेल्या उंदरांचा संकर करण्यात आला. ही जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर, अनुक्रमे दहाव्या व अकराव्या, असल्याने त्यांची वाटणी परस्परांपासून स्वतंत्र होते. सोळा घरांचा तो चौकोन आठवा. परीक्षेत तो काढताना मुलांची हमखास गडबड उडते. सोळांपैकी चार घरांत एम.डी.एम.-२ मुळीच नाही. या चारांपैकी तीन घरांत पी-५३ ची निदान एक तरी प्रत आहे; चौथ्यात तीही नाही. तिघांपैकी कोणीही जन्मास आले नाही. चौथे जन्मले! जन्मले, वाढले, आणि त्यांना पुढे पिल्लेही झाली. ज्या प्रथिनावाचून गर्भ आठवडाभरही टिकत नव्हता, त्याची उणीव, रक्षक नसताच, उंदराच्या वाढीत कोठे जाणवली नाही. गणितात दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन येतो, हे मुलांना पटवून देताना मला नेहमी उदाहरण अपुरे पडते. येथे निसर्गानेच ते मांडून ठेवले आहे. अर्थात हे उंदीर निर्धास्त नव्हते. पी-५३ नसलेल्या उंदरांप्रमाणेच पुढे त्यांनाही अर्बुदे झाली.

आता ही पकड प्रत्यक्षात असते तरी कशी, ते थोडक्यात पाहू. पी-५३ च्या एका टोकास, नकलेचे यंत्र चालू करणारी त्याची जणू भुजा असते. एम.डी.एम.-२ च्या पृष्ठभागावर एक खोल खोबण आहे, आणि त्या भुजेवरील तीन अमिनो आम्ले या खोबणीत चपखल बसतात. १९९६ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने याचे चित्र मिळाले. भुजाच अशी झाकली गेली की हुकूम देणे बंद. परंतु एवढ्यावरच हे प्रथिन थांबत नाही. युबिक्विटिन नावाच्या लहानशा प्रथिनाची चिठ्ठी ते पी-५३ ला चिकटविते, आणि अशी चिठ्ठी लागलेली प्रथिने पेशीतील प्रोटिॲसोम नावाच्या यंत्रात नेऊन कुटली जातात. हे १९९७ साली सिद्ध झाले. निरोगी पेशीत पी-५३ चे आयुष्य यामुळे अर्ध्या तासाच्याच आसपास असते. पेशी ते सतत घडविते आणि सतत मोडते. ही उधळपट्टी वाटेल; पण संकट आले असता प्रथिन नव्याने घडवीत बसण्यापेक्षा, नुसते मोडणे थांबविले की काही मिनिटांत त्याचा साठा वाढतो. डी.एन.ए. तुटल्याची वार्ता लागताच काही विकरे पी-५३ वर व एम.डी.एम.-२ वरही फॉस्फेटचे कण चिकटवितात, खोबणीतील पकड सैल होते, आणि रक्षक कामाला लागतो. काम चालू असतानाच तो एम.डी.एम.-२ ची नवी नक्कल मागवितो, म्हणून धोका टळल्यावर त्याला पुन्हा बांधण्यास नवे हात तयार असतात. याखेरीज ए.आर.एफ. नावाचे आणखी एक प्रथिन आहे, ते एम.डी.एम.-२ लाच धरते. निरोधकाचा निरोधक! ज्या उंदरांत ए.आर.एफ. नाही, त्यांना अर्बुदे सहज होतात, हे आता ऐकणाऱ्यांना सांगावयास नकोच.

एम.डी.एम.-२ चा एक भाऊबंदही आहे, एम.डी.एम.-४ नावाचा. तो भुजा झाकतो, पण चिठ्ठी चिकटविण्याचे काम त्याला स्वतःला फारसे साधत नाही. एक भाऊ असताना दुसरा कशाला, असे वाटणे साहजिक आहे. २००१ साली एम.डी.एम.-४ नसलेले उंदीर तयार झाले. तेही गर्भावस्थेतच मेले, आणि त्यांनाही पी-५३ काढून टाकल्याने जीवदान मिळाले. म्हणजे एकाचे काम दुसरा भरून काढू शकत नाही.

तरीही एक शंका उरतेच. गर्भ हा नाजूक, झपाट्याने वाढणारा. तेथे रक्षकाला आवरणे आवश्यक असेल. पण पूर्ण वाढलेल्या प्राण्यात, जेथे बहुतेक पेशी आपापले काम करीत शांत असतात, तेथेही हा पहारा लागतो काय? जेरार्ड इव्हान यांच्या गटाने २००६ साली याचे उत्तर दिले. त्यांनी पी-५३ मध्ये अशी तजवीज केली की, टॅमॉक्सिफेन हे औषध टोचले तरच ते कार्यक्षम व्हावे. एम.डी.एम.-२ नसलेले असे उंदीर मोठे झाले. कारण औषध मिळेपर्यंत त्यांच्यात रक्षक असून नसल्यासारखा होता. मग प्रौढ वयात औषध दिले. उंदीर काही दिवसांतच मेले. अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर, जेथे जेथे पेशी एकसारख्या विभागत असतात, ती इंद्रिये खचली; प्रखर किरणोत्सर्गाने ज्या अवयवांची हानी होते, नेमके तेच. किरण तर कोणी सोडलेच नव्हते. निरोगी शरीरातही पी-५३ सतत काही ना काही करू पाहत असते आणि एम.डी.एम.-२ त्याला क्षणोक्षणी दाबून ठेवीत असते, असाच याचा अर्थ होतो.

या प्रयोगांत किती उंदीर खर्ची पडले असतील, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. जे ज्ञान त्यांच्याकडून मिळाले ते दुसऱ्या मार्गाने मिळाले नसते, असे मला वाटते. पण ते फुकट मिळाले नाही, हेही मुलांना सांगावे, असे माझे मत आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. पहारा पूर्ण उठविला तर मृत्यू; पण थोडा सैल केला तर? २००२ साली अमेरिकेत एका जातीच्या उंदरांत पी-५३ चा एक छाटलेला प्रकार आला, आणि त्यामुळे रक्षकाचा जोर कायमचा वाढला. अर्बुदे खरोखरच कमी झाली. पण उंदीर अकाली म्हातारे झाले. हाडे विरळ झाली, पाठीला बाक आला, आयुष्य घटले. कर्करोगापासून संरक्षण हवे तर त्याची किंमत म्हणून वार्धक्य पत्करावे लागणार, अशी भीती त्यामुळे उत्पन्न झाली. मात्र त्याच वर्षी स्पेनमध्ये मान्वेल सेरानो यांच्या गटाने वेगळी युक्ती केली. त्यांनी पी-५३ च्या जादा प्रती दिल्या, परंतु जनुकाच्या आजूबाजूची नेहमीची सारी नियंत्रणे तशीच ठेवून. रक्षक वाढले, पण पहाराही चालू राहिला. या उंदरांना अर्बुदे कमी झाली आणि म्हातारपण नेहमीच्याच वेळी आले. २००३ साली आणखी एका गटाने एम.डी.एम.-२ चे प्रमाण नेहमीच्या सुमारे एक-तृतीयांशावर आणले. ते उंदीर जगले. चणीने लहान, रक्तातील लसिकापेशी कमी, किरणोत्सर्ग सोसण्यास दुबळे. तथापि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात त्यांनाही अर्बुदे कमी होतात आणि वार्धक्य अकाली येत नाही, असे आढळले. तेव्हा, मागच्या बाकावरच्या माझ्या मित्रा, शरीर ते प्रथिन भरपूरच तयार करते. फक्त ते सुटे ठेवीत नाही. त्याला किती ढील द्यावी, हे मात्र इतके बारीक मोजावे लागते की, तीन हिश्शांपैकी दोन हिस्से निरोधक गेला तर उंदीर खुजा का होईना जगतो, आणि तिन्ही गेले तर जन्मतच नाही.

यावरून औषधाची कल्पना निघणे स्वाभाविक होते. मानवी कर्करोगांपैकी जवळजवळ निम्म्यांत पी-५३ चे जनुकच बिघडलेले असते. तेथे हात सोडवून उपयोग नाही, कारण बांधलेला रक्षकच निकामी आहे. पण उरलेल्यांत तो शाबूत असतो, आणि त्यांपैकी काहींत, विशेषतः मेदपेशींच्या काही अर्बुदांत, एम.डी.एम.-२ च्या प्रती बेसुमार वाढून त्याला जखडलेले असते. २००४ साली न्यू जर्सीतील नट्ली या गावच्या औषधप्रयोगशाळेतून नटलिन नावाची लहान संयुगे पुढे आली. एम.डी.एम.-२ च्या त्या खोबणीत ती पाचरीसारखी बसतात, आणि पी-५३ च्या भुजेला आत जागाच उरत नाही. उंदरांच्या शरीरात रुजविलेली मानवी अर्बुदे या औषधाने आटोक्यात राहिली. मग २००७ साली आणखी एक दिलासा देणारा प्रयोग झाला. टायलर जॅक्स यांच्या गटाने असे उंदीर घेतले की ज्यांत पी-५३ बंद होते आणि अर्बुदे झाली होती, पण एम.डी.एम.-२ जागेवर होते. पी-५३ पुन्हा चालू करताच अर्बुदे आक्रसू लागली. काहींतील पेशी मेल्या, काहींतील विभाजन कायमचे थांबले. निरोगी इंद्रियांस मात्र बाधा पोहोचल्याचे दिसले नाही; तेथे पहारेकरी आपले काम करीत होता.

औषध देताना मात्र हाच पहारेकरी दूर करावयाचा असतो, आणि तो अर्बुदात तेवढा दूर व्हावा व अस्थिमज्जेत राहावा, असे रक्तात भिनणाऱ्या औषधाला सांगता येत नाही. मानवी रुग्णांवर अशा औषधांच्या ज्या चाचण्या झाल्या, त्यांत प्लेटलेट्स व पांढऱ्या पेशी घटणे, मळमळ व जुलाब हे त्रास वारंवार आढळले. २००६ सालच्या त्या उंदरांत जे अवयव खचले होते, त्यांचीच ही खूण. म्हणून वैद्यांनी एक मार्ग असा काढला की औषध रोज न देता, मात्रा द्यावयाची आणि मग काही दिवस, कधी तीन-तीन आठवडे, थांबावयाचे. तेवढ्या अवकाशात मज्जेतील एम.डी.एम.-२ पुन्हा पी-५३ ला धरते, आणि प्लेटलेट्सची संख्या वर आली, की पुढची मात्रा.